तीस नोव्हेंबरपासून मागे मोजायचं: डच बीव्ही आणि जर्मन जीएमबीएचच्या विलीनीकरणाचा अनुभव

पुणे-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांची युरोपातली रचना एकाच साच्याची आढळते. वर पुण्यातली प्रायव्हेट लिमिटेड, तिच्याखाली नेदरलँड्समधली होल्डिंग बीव्ही (तिथली प्रायव्हेट लिमिटेड), आणि बीव्हीच्या मालकीची जर्मनीतली जीएमबीएच (जर्मन प्रायव्हेट लिमिटेड), जिच्यात खरं उत्पादन किंवा विक्री चालते. काही वर्षांनी प्रश्न येतो: दोन कंपन्या, दोन ऑडिट, दोन संचालक मंडळं कशासाठी? जीएमबीएच बीव्हीमध्येच विलीन करू आणि जर्मनीत शाखा ठेवू. कागदावर हे दोन ओळींचं काम वाटतं. प्रत्यक्षात अडचण कायद्याच्या तत्त्वात क्वचितच येते, तारखांमध्ये हमखास येते. म्हणून इथे तत्त्वांपेक्षा तारखांवर जास्त लिहिलं आहे.

पाया आधी थोडक्यात. सीमापार विलीनीकरणाचा पहिला युरोपीय निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा युरोपीय संघाचा नियम, २००५ चा. तो २०१७ च्या ११३२ क्रमांकाच्या एकत्रित निर्देशात सामावला गेला आणि २०१९ च्या २१२१ क्रमांकाच्या निर्देशाने त्यात मोठे बदल झाले. त्याच वेळी सीमापार रूपांतर आणि विभाजन यांचेही नियम आले. हे सगळं राष्ट्रीय कायद्यात आणायची मुदत ३१ जानेवारी २०२३ होती. जर्मनीचा कायदा १ मार्च २०२३ ला लागू झाला, नेदरलँड्सचा १ सप्टेंबर २०२३ ला. फक्त निर्देश वाचून फाईल चालवता येत नाही. निर्देशात अमुक दिवस 'किमान' असं लिहिलेलं असतं, पण ते दिवस कुठून मोजायचे आणि कोणत्या कार्यालयात, हे राष्ट्रीय कायदा ठरवतो.

अभ्यास करणाऱ्यांनी कंपन्यांच्या सीमापार हालचालीवरचे लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाचे निर्णय मात्र क्रमाने वाचावेत, त्याला पर्याय नाही. १९८८ चा डेली मेल, १९९९ चा सेंट्रोस, २००२ चा उबरझेरिंग, २००५ चा सेव्हिक, २००८ चा कार्टेसिओ, २०१२ चा वाले आणि २०१७ चा पोलबुड. यातला उबरझेरिंग आपल्या फाईलच्या सर्वांत जवळचा. एका डच बीव्हीची जमीन ड्युसेलडॉर्फमध्ये होती. बीव्हीचे शेअर्स जर्मन व्यक्तींनी घेतल्यावर जर्मन न्यायालयं म्हणू लागली की कंपनीचं प्रत्यक्ष मुख्यालय आता जर्मनीत आलं, इथे तिची नव्याने स्थापना झालेली नाही, म्हणून तिला दावा लावण्याचा अधिकारच नाही. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने हे मोडून काढलं: नेदरलँड्समध्ये रीतसर स्थापन झालेल्या कंपनीचं अस्तित्व जर्मनीने मान्य केलंच पाहिजे. सेव्हिकमध्ये लक्झेंबर्गची कंपनी जर्मन कंपनीत विलीन करायची होती आणि जर्मन नोंदणी न्यायालयाने (तिथे कंपन्यांची नोंदवही न्यायालयाकडे असते) नोंद नाकारली. तेही चुकीचं ठरलं. आज जर्मन कार्यालयात 'परदेशी कंपनी' म्हणून कोणी फाईल परत करत नाही, ते या निर्णयांमुळे. ब्रिटिश कंपन्यांना हे संरक्षण ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला तेव्हापासून नाही. पुण्याच्या कंपनीलाही ते थेट मिळत नाही, कारण निर्देश युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या भांडवली कंपन्यांपुरताच आहे. भारतीय कंपनीच विलीन करायची असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम २३४, एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) आणि रिझर्व्ह बँक असा स्वतंत्र मार्ग आहे. आपल्या उदाहरणात पुण्याची कंपनी विलीनीकरणात पक्षकार नाही, ती फक्त बीव्हीची एकमेव भागधारक आहे. पण तिचे कागद लागतातच, आणि वेळ तिथेच जातो.

आता कॅलेंडर. जर्मन कायद्यानुसार विलीन होणाऱ्या कंपनीचा अखेरचा ताळेबंद नोंदणी न्यायालयात अर्ज दाखल होईल त्या दिवशी आठ महिन्यांपेक्षा जुना असता कामा नये. बहुतेक जर्मन कंपन्यांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, म्हणून त्यांच्या वकिलांच्या तोंडी ३१ ऑगस्ट ही तारीख असते. पण भारतीय मालकीच्या अनेक जीएमबीएचनी एकत्रित हिशेबाच्या सोयीसाठी वर्ष ३१ मार्चला आणलेलं असतं. मग आठ महिने संपतात ३० नोव्हेंबरला. जर्मन सल्लागाराच्या तयार वेळापत्रकात ही दुरुस्ती झाली आहे का, हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावं. एक दिवस जरी उलटला तरी न्यायालय तो ताळेबंद घेत नाही. नव्या तारखेचा ताळेबंद बनवा, ऑडिट लागू असेल तर तेही पुन्हा करा, आणि करासाठी धरलेली तारीखही त्याबरोबर सरकते.

म्हणून ३० नोव्हेंबरपासून मागे मोजायचं. बीव्हीच्या भागधारकाचा ठराव समजा २० नोव्हेंबरला. कर्मचाऱ्यांसाठीचा व्यवस्थापनाचा अहवाल त्याआधी किमान सहा आठवडे उपलब्ध हवा, म्हणजे ९ ऑक्टोबर. विलीनीकरणाचा आराखडा दोन्ही देशांच्या नोंदवहीत किमान एक महिना आधी प्रसिद्ध झालेला हवा, म्हणजे २० ऑक्टोबर. सोबत भागधारक, धनको आणि कर्मचारी यांना 'सभेच्या पाच कामकाजाच्या दिवसांआधीपर्यंत आपलं म्हणणं मांडा' अशी सूचनाही. आराखडा दाखल केला आणि प्रसिद्ध झाला, यात अंतर पडतं, आणि मुदत प्रसिद्धीपासून सुरू होते. न्यायालयाच्या हाताला लागणारा वेळ आपल्या ताब्यात नसल्याने सप्टेंबर संपण्याआधी आराखडा नोटरीकडे झालेला असावा. त्याच्याही आधी जूनमध्ये मसुदा सुरू. आणि दिवाळी मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर याच पट्ट्यात येते, नेमकी पुण्याच्या संचालकांच्या सह्या लागतात तेव्हा. त्या आठवड्याचे ठराव आधीच उरकून ठेवावेत.

उपकंपनी शंभर टक्के मालकीची असली की बरंच ओझं उतरतं. शेअर अदलाबदलीचं प्रमाण ठरवायचं नाही, स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल नाही, बाहेर पडणाऱ्या भागधारकाला रोख मोबदला नाही, जीएमबीएचच्या सभेचा ठरावही लागत नाही. भागधारकांसाठीचा अहवालही गळतो. कर्मचाऱ्यांसाठीचा अहवाल मात्र राहतो. कंपनीत आणि तिच्या उपकंपन्यांत संचालकांव्यतिरिक्त एकही कर्मचारी नसेल तरच तो टळतो. 'समूहांतर्गत व्यवहार आहे, अहवाल कशाला' असं म्हणून हा भाग गाळला की सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. अहवालात नोकरीवर, कामाच्या ठिकाणावर, कामगार परिषदेवर (कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या समितीवर) आणि पेन्शनवर काय परिणाम होईल ते नीट लिहावं. परिषदेने मत कळवलं तर ते अहवालाला जोडावं लागतं.

आराखडा जर्मनीत नोटरीसमोर करावा लागतो, आणि जर्मन नोटरी म्हणजे आपल्याकडचा कोर्टाबाहेर शिक्का मारणारा नोटरी नव्हे. तो संपूर्ण दस्त मोठ्याने वाचून दाखवतो, जोडपत्रांसकट. बीव्हीची घटना जोडलेली असते, तीही वाचली जाते. हजर असलेल्याला जर्मन येत नसेल तर सगळं तोंडी भाषांतरित करावं लागतं आणि सकाळची भेट संध्याकाळपर्यंत लांबते. म्हणून पुण्याहून कोणी विमानाने जाण्यापेक्षा जर्मन जाणणाऱ्या सहकाऱ्याला मुखत्यारपत्र द्यावं. आराखडा दोन स्तंभांत, डावीकडे जर्मन आणि उजवीकडे डच किंवा इंग्रजी, अशी पद्धत आहे. डच बाजूच्या वकिलाने शेवटच्या क्षणी स्वतःच्या स्तंभात तारीख बदलली आणि जर्मन स्तंभ तसाच राहिला, अशी विसंगती न्यायालय पकडतं. अंतिम प्रत नोटरीकडे जाण्याआधी दोन्ही स्तंभ ओळीला ओळ लावून, आकडे आणि तारखा बोटाने टिपत तपासाव्यात. नोटरीचं शुल्क व्यवहाराच्या मूल्यावर ठरतं, पण हे मूल्य एक कोटी युरोच्या वर धरलं जात नाही, म्हणून मोठ्या कंपन्यांत ही रक्कम घाबरवणारी नसते.

आता पुण्याहून जाणारे कागद. भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात (एका देशाचा कागद दुसऱ्या देशात एकाच प्रमाणपत्रावर मान्य होण्याच्या करारात) आहे आणि नेदरलँड्समध्ये भारतीय अपोस्टिल चालतं. जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशाला हरकत नोंदवलेली असल्याने या दोन देशांत अपोस्टिलचा उपयोग नाही. परिणाम असा की एकाच फाईलमधले दोन कागद दोन वेगळ्या वाटांनी जातात. डच नोटरीसाठीचं मुखत्यारपत्र: नोटरी, मग व्यापारी कागद म्हणून चेंबर ऑफ कॉमर्सचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. जीएमबीएचचा एखादा संचालक पुण्यात राहत असेल तर नोंदणी अर्जावरची त्याची सही मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासात प्रमाणित करून घ्यायची. तिथल्या भेटीची वेळ ऑगस्टमध्येच मागून ठेवावी. कूरियरने कागद फिरवून दोन आठवड्यांत होईल असं गृहीत धरलेल्या फाईली हमखास रखडतात.

आणि नावं. मराठी माणसाच्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या रकान्यात. कंपनीच्या नोंदींत कधी मधलं नाव पूर्ण, कधी फक्त आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या संचालिकेच्या डीआयएनवर (संचालक ओळख क्रमांकावर) जुनं आडनाव. आपल्याकडे यावर कोणी बोट ठेवत नाही, डच नोटरी मात्र थांबतो, कारण मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती आणि ठरावात नाव असलेली व्यक्ती एकच आहे याची खात्री करणं ही त्याची जबाबदारी आहे. उपाय सोपा: सर्व कागदांत पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं वापरायचं, कंपनीचं नाव स्थापना-प्रमाणपत्रावर आहे तसं संपूर्ण लिहायचं ('प्रा. लि.' असं लघुरूप नको), आणि ठरावाच्या प्रतीवर सही करणाऱ्याचा अधिकार कुठून आला तेही एका वाक्यात नमूद करायचं.

कर्मचारी-सहभागाचा प्रश्न आकड्यांवर उभा आहे. जर्मनीत साधारणपणे ५०० हून अधिक कर्मचारी असलेल्या जीएमबीएचला पर्यवेक्षक मंडळात (व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात) एक तृतीयांश जागा कामगारांना द्याव्या लागतात, २,००० च्या वर निम्म्या. ही मर्यादा गाठण्याआधी सीमेपार निसटता येऊ नये म्हणून निर्देशाने चार पंचमांशांची रेषा आखली: आराखडा प्रसिद्ध होण्याआधीच्या सहा महिन्यांत सरासरी कर्मचारी या मर्यादेच्या चार पंचमांशांवर असतील, म्हणजे ५०० साठी ४००, तर कामगारांच्या विशेष वाटाघाटी मंडळाशी बोलणी करावी लागतात. बोलण्यांची मुदत सहा महिने, दोन्ही बाजूंच्या संमतीने एक वर्षापर्यंत. वरचं नोव्हेंबरचं गणित त्यात पार वाहून जातं. वेळ वाचवायचा एक कायदेशीर मार्ग आहे: व्यवस्थापनाने वाटाघाटी न करता निर्देशातले कामगार-सहभागाचे प्रमाणित (तयार) नियम थेट स्वीकारायचे. किंमत अशी की ते नियम मग पाळावे लागतात. ४२० कर्मचारी असलेल्या कंपनीने हा निर्णय मेमध्येच घ्यावा. आमच्या मते कामगारांशी आधी मोकळेपणाने बोललेली फाईल न्यायालयातही लवकर सरकते, कारण हरकतींची पत्रं येत नाहीत.

धनकोंसाठी दोन्ही देशांत आराखड्याच्या प्रसिद्धीपासून तीन महिने. आपलं येणं धोक्यात येईल असं दाखवू शकणारा धनको या काळात तारण मागू शकतो. जर्मनीत त्यासाठी न्यायालयात दावा लावावा लागतो. नेदरलँड्समध्ये राष्ट्रीय दैनिकातही सूचना द्यावी लागते, आणि मुदत संपल्यावर 'हरकत आलेली नाही' असा दाखला स्थानिक न्यायालयाकडून घ्यायचा. जर्मन न्यायालय ही तीन महिन्यांची मुदत संपण्याआधी विलीनीकरणाचा दाखला, म्हणजे जर्मन बाजूच्या अटी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, देऊच शकत नाही. म्हणजे अर्ज ३० नोव्हेंबरच्या आत, पण १० ऑक्टोबरला प्रसिद्ध झालेल्या आराखड्याचा दाखला १० जानेवारीच्या आधी नाही. त्यानंतर तपासणी. निर्देशाने तपासणीला तीन महिने दिले आहेत, गैरवापराची गंभीर शंका असेल तर आणखी तीन.

ही शंका हाच २०१९ नंतरचा सर्वांत गंभीर भाग आहे, आणि भारतीय मालकीच्या रचनांना तो विशेष लागू पडतो. जर्मन कायद्याने न्यायालयाला काही खुणा स्पष्ट सांगून ठेवल्या आहेत. कर्मचारीसंख्या सहभागाच्या मर्यादेच्या चार पंचमांशांपर्यंत आली आहे, नव्या देशात काही मूल्यनिर्मिती होत नाही आणि कारभार जर्मनीतूनच चालतो, ही एक. परदेशी कंपनीकडे जर्मन कर्मचाऱ्यांच्या पेन्शनची देणी जाणार आहेत आणि तिचा दुसरा काहीच चालू व्यवसाय नाही, ही दुसरी. आपली डच बीव्ही बहुधा हीच असते: कार्यालय भाड्याने, कर्मचारी नाही, काम फक्त शेअर्स धरून ठेवण्याचं. जीएमबीएचच्या ताळेबंदात पेन्शनची तरतूद असेल तर इथेच पाणी मुरतं. अर्ज करतानाच सांगायला हवं की पेन्शनची हमी कशी आहे, निधी किंवा विमा आहे का, बीव्ही पुढे कोणता व्यवसाय करणार, निर्णय कुठे होणार. न्यायालयाने विचारल्यावर उत्तर जुळवायला बसणं म्हणजे पुढचे तीन महिने स्वतःहून देऊन टाकणं. कर्मचारीसंख्या, उपकंपन्या कुठे आहेत आणि सरकारी देणी भरली आहेत का, हेही अर्जासोबत द्यावं लागतं. आणि खरोखरच कामगारांचे किंवा निवृत्तांचे हक्क टाळण्यासाठीच हे करायचं असेल, तर कोणत्याही चांगल्या सल्लागाराने ही फाईल हाती घेऊ नये.

कराचं गणित या सगळ्याच्या आधी व्हायला हवं, कारण तिथे मागे वळता येत नाही. जर्मनीत उरलेल्या शाखेशी जोडलेली मालमत्ता पुस्तकी किमतीने पुढे नेता येते, पण त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो. पेटंट आणि इतर कंपन्यांचे शेअर्स सहसा मुख्यालयाचे धरले जातात, म्हणजे नेदरलँड्सचे, आणि मग त्यातली लपलेली वाढ जर्मनीत करपात्र होते. जीएमबीएचचा साठलेला तोटा विलीनीकरणात पुढे जात नाही, तो संपतो. कारखान्याची जमीन असेल तर मालमत्ता हस्तांतर कर लागतो: बव्हेरियात ३.५ टक्के, नॉर्थ राइन-वेस्टफालियात ६.५ टक्के. समूहांतर्गत सवलत आहे, पण किमान ९५ टक्के भांडवल पाच वर्षं हातात असणं ही तिची मुख्य अट. दोन वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या जीएमबीएचला ती बसत नाही.

दाखला तयार झाला की तो ब्रिस या जोडणीतून, म्हणजे २०१७ पासून चालू असलेल्या नोंदवह्यांच्या युरोपीय जाळ्यातून, डच नोंदवहीकडे जातो. आधी पक्षकाराला कागदी दाखला हातात घेऊन जावं लागायचं, ते आता नाही. डच नोटरी दोन्ही बाजूंच्या अटी पूर्ण झाल्याची खात्री करून विलीनीकरणाचा दस्त करतो आणि दस्ताच्या दुसऱ्या दिवशी विलीनीकरण अमलात येतं. तारीख डच कायदा ठरवतो, कारण टिकणारी कंपनी डच आहे. १ एप्रिलपासून स्वच्छ वर्ष हवं असेल तर ३१ मार्चचा दस्त ठरवायचा. डच नोंदवहीने उलट कळवल्यावर जर्मन नोंद पुसली जाते.

त्यानंतरच्या कामांची यादी कोणी आधी करत नाही आणि मग बँकेचं खातं गोठतं. जर्मन शाखेची नोंदणी दस्ताच्या आधीच तयार ठेवावी, नाहीतर पगार कोणत्या क्रमांकावरून द्यायचा हे कळत नाही. व्हॅट क्रमांक नवा, ग्राहकांच्या बिलांवरचं नाव नवं, वाहन उद्योगातल्या ग्राहकांकडे पुरवठादार क्रमांक बदलायला महिने लागतात. कर्मचाऱ्यांना हस्तांतराची तारीख, कारण आणि कायदेशीर, आर्थिक व सामाजिक परिणाम सांगणारं लेखी पत्र द्यावंच लागतं. जमिनीच्या नोंदवहीतला मालक दुरुस्त करून घ्यायचा. जीएमबीएचला तिच्यापुरतेच दिलेले परवाने आपोआप हस्तांतरित होत नाहीत, प्रत्येकाचा मजकूर वाचावा लागतो. पुण्याच्या बाजूला परदेशी गुंतवणुकीचे व्यवहार हाताळणाऱ्या अधिकृत बँकेला बदललेली रचना कळवायची आणि ३१ डिसेंबरपर्यंत जाणाऱ्या वार्षिक कामगिरी अहवालात जीएमबीएच उपकंपनी म्हणून उरलेली नाही हे दाखवायचं. विलीनीकरणाच्या दस्ताची डच नोटरीकडून प्रमाणित प्रत तेव्हाच मागून घ्यावी, कारण बँक ती मागते आणि तोपर्यंत फाईल अॅमस्टरडॅममध्ये बंद झालेली असते.